काळा दिसला म्हणून लाव्हा नव्हे: गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावरची पहिली ओहोटी

पुण्याचा मावसभाऊ दर डिसेंबरात आमच्याकडे येतो. मागच्या खेपेला वागातोरच्या खडकांवर उभं राहून त्याने आपल्या मुलीला ऐटीत सांगितलं, "हा सगळा लाव्हा बरं का, ज्वालामुखीतून आलेला." पोरगी खूश. मी गप्प बसलो, सुट्टीत वाद कशाला. पण तो ज्या दगडावर उभा होता तो जांभा होता. ज्या चिऱ्यांनी आमचं म्हापशाचं घर बांधलंय, तोच. खारं पाणी आणि शेवाळ यांनी वरून काळा पडलेला, इतकंच.

गोव्याच्या किनाऱ्यावर ज्वालामुखीचा दगड आहे. एक नव्हे, दोन वेगळ्या काळांतला आहे. पण तो आपणहून समोर येत नाही, ओळखावा लागतो. आणि खडक ओळखता यायला लागला की ओहोटीनंतर पाणी साचून राहिलेली डबकी कुठे खोल असतील, कुठे नुसती वाटीएवढी असतील, कुठे काहीच मिळणार नाही, हेही लांबूनच कळायला लागतं. बहुतेक नवखे लोक डबकी शोधत हिंडतात आणि खडकाकडे बघतच नाहीत. माझं म्हणणं उलट आहे: आधी खडक बघा, डबकी तोच दाखवेल.

पायरी पहिली: तिथी

भरतीचं कोष्टक बघायच्या आधी घरातली दिनदर्शिका बघा. कोकणपट्टीत जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. तिथून सव्वासहा तास पुढे गेलं की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण बेत ठरवायला हा हिशेब पुरतो.

अष्टमी मात्र आपल्या कामाची नाही. त्या दिवसांत भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. आपल्याला हवं उधाण, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस. त्यातही खरी ओहोटी नेमकी पौर्णिमेला न पडता एक-दोन दिवस मागाहून पडते. म्हणून माझे आवडते दिवस द्वितीया आणि तृतीया. द्वितीयेला भरती दीडच्या सुमाराला, म्हणजे सकाळची ओहोटी साडेसात-पावणेआठला. ऊन कोवळं, गर्दी नाही, आदल्या रात्री नाचलेले पर्यटक अजून झोपलेले. संध्याकाळचीच वेळ जमत असेल तर त्रयोदशी-चतुर्दशी बघा, पाणी चार-पावणेपाचच्या सुमाराला उतरलेलं असतं.

हिशेब झाला की मग मुरगाव बंदराचं कोष्टक पडताळा. सर्व्हे ऑफ इंडिया ते छापते आणि मोबाईलवरच्या ॲपांतही ते आकडे मिळतात. मुंबईचं कोष्टक चालणार नाही. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, आपल्याकडे जेमतेम दोन मीटर. याचा अर्थ असा की गोव्यात उघडा पडणारा पट्टा अरुंद असतो आणि वीस-तीस सेंटिमीटरचाही फरक पडतो. दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात. कोष्टकात जी 0.4 मीटरच्या खाली जाते ती निवडा. सोबत हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेचा लाटांचा इशारा बघून घ्या. वारा नसताना, आभाळ निरभ्र असतानाही दूरच्या समुद्रात उठलेल्या लाटा किनाऱ्याला येऊन आदळतात, आणि कोष्टक त्याबद्दल काहीच सांगत नाही.

जून ते सप्टेंबर हा विषयच काढू नका. खडकांवर हिरवं शेवाळ चढतं, मांडवी-जुवारीच्या पुराने किनाऱ्याचं पाणी निम्मं गोडं होतं, आणि दर्या कोणाचाच नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मार्च-एप्रिल चालेल.

पायरी दुसरी: जागा

पहिल्या दिवशी एकच जागा. उत्तरेत राहणाऱ्यांनी हणजूण किंवा वागातोर, पणजीकरांनी दोनापावला, मडगावच्या खाली असलेल्यांनी पाळोळेच्या टोकाचे खडक. मोरजी, आगोंद, गालजीबाग हे वाळूचे किनारे कासवांच्या विणीसाठी राखलेले आहेत. तिथे रात्री-पहाटे बॅटऱ्या घेऊन फिरू नका.

ज्यांना दख्खनचा लाव्हा थेट समुद्रात उतरलेला बघायचाय त्यांनी खरं तर गोवा सोडून वर जावं, रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरला वगैरे. गोव्यात दख्खनच्या लाव्ह्याचे थर सापडतात ते ईशान्य कोपऱ्यात, सत्तरीच्या वर, सुर्ला-चोर्ल्याच्या घाटमाथ्यावर. किनाऱ्यापर्यंत ते पोचलेलेच नाहीत. किनाऱ्यावर पोचलाय तो त्यांचा एक चुलत नातेवाईक, त्याच्याकडे येतो.

पायरी तिसरी: सामान

मागे पट्टा असलेल्या रबरी तळाच्या सॅंडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. चपला नकोत, अनवाणी तर मुळीच नको, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. टोपी, पाणी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, आणि दोऱ्याला बांधलेलं एक छोटं पण जोरकस लोहचुंबक. हातोडी घरी ठेवा. किनारा ही कोणाची प्रयोगशाळा नाही, आणि फोडलेल्या दगडाची जखम वर्षानुवर्षं दिसते. फोनला दोरी लावून गळ्यात अडकवा. माझा एक फोन हणजूणच्या डबक्यात राहिलाय. तिथल्या खेकड्यांना त्याचा काही उपयोग झाला असेल तर बरंच.

पायरी चौथी: खडक वाचा

कोष्टकातल्या ओहोटीच्या दीड तास आधी पोचा आणि लगेच खाली उतरू नका. वरच्या कोरड्या भागात पंधरा मिनिटं थांबा. समोरचा खडक काळा दिसतोय हे खरं. आता तो का काळा आहे ते बघू.

*जांभा.* पावसाळी उष्ण हवेत मूळ खडक लाखो वर्षं कुजत-धुपत राहिला, विरघळणारं ते वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, तो हा. 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने 1807 साली केरळातला असाच दगड पाहून दिलं. आपल्याकडे त्याला जांभा म्हणतात, आणि कापून काढला की चिरा. खाणीतून काढताना मऊ, उन्हावाऱ्यात टणक. 1612 साली पुरा झालेला आग्वादचा किल्ला याचाच. ओळख सोपी आहे: दगडाला भोकं असतात, वेडीवाकडी, बोट जाईल एवढी. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांचीही भोकं असतात, म्हणूनच माझा भाऊ फसला. पण ती गोलसर, लहान असतात. जांभ्याची भोकं नळ्यांसारखी फिरत गेलेली असतात, आणि ताज्या तुटलेल्या जागी आत लाल-पिवळा रंग दिसतो. वर कडा बघा. कडा लाल असेल आणि खाली काळे ठोकळे पडलेले असतील तर ते वरूनच घरंगळलेत.

जांभ्यात डबकी पुष्कळ, पण लहान. वाटी, पेला, फार तर परात. वागातोर-हणजूणला हेच दिसेल. भोकाभोकांत गोगलगायी आणि खेकडे, प्रत्येकाला स्वतंत्र खोली. मोठं काही बघायचं असेल तर ठोकळ्यांच्या मधल्या फटींत बघा.

*ग्रेवॅक.* दोनापावलाच्या खडकांत हा भेटतो. करडा-काळपट, हाताला बारीक खरखरीत, आणि कलत्या थरांनी बनलेला. अडीचशे कोटी वर्षांहून जुना. त्या काळच्या समुद्रात चिखल आणि वाळूचे लोंढे उतारावरून घसरत तळाशी जाऊन बसले, मग दाबाने आणि उष्णतेने आवळले गेले. हा लाव्हा नव्हे, गाळ आहे. गंमत म्हणजे 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था याच दोनापावलात आहे; समुद्राचा अभ्यास करणारे लोक एका फार जुन्या समुद्राच्या तळावर बसलेत असं मला तिथून जाताना नेहमी वाटतं.

थर कलते असल्यामुळे लाटा मऊ थर आधी खातात, कठीण थर कण्यासारखे उभे राहतात. त्यामुळे इथली डबकी लांबट, चरासारखी, एकमेकांना समांतर. एका चरातून चालत राहिलात की पाण्याजवळ त्याचं खोल टोक मिळतं. नवख्या माणसाला मी पहिल्यांदा अशाच चराजवळ बसवतो.

याच जुन्या खडकांच्या कुळात गोव्याचा पहिला ज्वालामुखीही आहे. केपे तालुक्यातल्या बार्से गावाचं नाव ज्या खडकगटाला मिळालंय त्यात त्या पुरातन काळचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, आहे. पण तो इतका भाजला-दाबला गेलाय की मूळची खनिजं बदलून हिरवट झालीत. काळा लाव्हा शोधायला निघालेला माणूस या हिरव्या दगडावरून सरळ पुढे निघून जातो.

*डाइक.* आता तो चुलत नातेवाईक. दख्खनचा लाव्हा मुख्यतः 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास बाहेर पडला. त्यानंतर, साधारण 6.3 कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्सचा तुकडा आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून फाटून दूर सरकत होता त्या सुमाराला, गोव्यातल्या जुन्या खडकांना भेगा पडल्या आणि त्यांत वितळलेला दगड शिरून आतच थिजला. अशा उभ्या भिंतीला डाइक म्हणतात. काणकोणच्या बाजूला तो ओळखायला सोपा, कारण तिथला यजमान खडक ग्रॅनाइट आणि पट्ट्यापट्ट्यांचा नाइस, म्हणजे फिकट. फिकट दगडातून एक काळी पट्टी सरळ रेषेत, जणू फूटपट्टी लावून आखल्यासारखी समुद्रात गेलेली दिसली की ती नीट बघा.

बघायचं कसं? गुडघ्यांवर बसा आणि पट्टीच्या कडेपासून मधोमध भिंग सरकवत न्या. कडेला दगड इतका बारीक की दाणा दिसत नाही. मध्ये आलात की काळे-पांढुरके दाणे दिसायला लागतात. हजार अंशांहून गरम रस थंड दगडाला टेकला, कडेला झटकन गोठला, मध्ये सावकाश. साखरेच्या पाकाचं हेच असतं: घाईने थंड केला तर काचेसारखा, दिवसचे दिवस स्वस्थ ठेवला तर खडीसाखर. मग दोऱ्याचं चुंबक दगडाजवळ लोंबकळत धरा. आतल्या मॅग्नेटाइटमुळे, म्हणजे लोहाच्या चुंबकीय खनिजामुळे, ते किंचित ओढलं जातं. शेजारच्या ग्रॅनाइटजवळ सहसा ढिम्म हलत नाही. मावसभावाच्या मुलीला हे दाखवलं तेव्हा तिने तासभर तेच केलं, आणि शेवटी वडिलांना विचारलं, "मग तो वागातोरचा कोणता होता?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

डाइक यजमानापेक्षा लवकर झिजला तर त्याची खोल घळ होते, दोन्ही बाजूंना फिकट भिंती, तळाशी पाणी, दिवसभर सावली. सापडली तर तिथेच बैठक मारा. उलट झालं, डाइक टिकला आणि आजूबाजूचं झिजलं, तर बांधासारखा उभा राहतो आणि त्याच्या आडोशाला डबकं साचतं. निव्वळ ग्रॅनाइटच्या गोल गुळगुळीत धोंड्यांवर मात्र पाणी ठरत नाही. फोटो छान येतात.

वाळूत काळ्या रेघा दिसल्या तर तिथेही चुंबक फिरवा. मॅग्नेटाइटचे कण मिशा फुटल्यासारखे चिकटतात. चुंबकाला आधी प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, नाहीतर घरी जाऊन सुईने कोरत बसावं लागतं.

पायरी पाचवी: पाण्यामागोमाग खाली

पाणी उतरतं तसं तुम्हीही उतरा, एकदम टोकाला धावू नका. खडकावर पट्टे असतात आणि ते क्रमाने बघण्यात मजा आहे. सर्वांत वर, जिथे फक्त तुषार पोचतात, तिथे मुगाएवढ्या गोगलगायी फटींत दाटीने बसलेल्या. त्याखाली बार्नॅकल, दगडाला कायमचे चिकटलेले कवचाचे जीव, पांढरे छोटे ज्वालामुखीच जणू. (हे एवढे ज्वालामुखी मात्र सगळ्या खडकांवर असतात.) मग कालवांचा पट्टा, मग शेवाळं, आणि सर्वांत खाली तो भाग जो महिन्यातून काहीच दिवस उघडा पडतो. रंगीत जे काही आहे ते तिथे.

वरचं डबकं आणि खालचं डबकं यांत जमीन-अस्मानाचा फरक. वरच्यात दुपारपर्यंत पाणी तापतं, आटून खारट होतं, अवेळी पावसाची सर आली तर गोडं होतं. रात्री वनस्पती प्राणवायू सोडत नाहीत, त्यामुळे तोही कमी पडतो. हे सगळं सोसणारेच तिथे राहतात. खालच्यात दर काही तासांनी समुद्र घर धुऊन जातो, म्हणून वस्ती दाट.

डबकं निवडलंत की बसा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. पाच मिनिटं काही दिसणार नाही, आणि बहुतेक जण चौथ्या मिनिटाला उठतात. मग एक शंख चालायला लागतो: तो शंख नसतो, उसन्या घरातला संन्यासी खेकडा असतो. मग निवटीसारखे उड्या मारणारे बोटभर ब्लेनी मासे एका डबक्यातून दुसऱ्यात जाताना दिसतात. भिंतीला चिकटलेला तपकिरी जेलीचा गोळा पाण्याखाली फुलाच्या पाकळ्या उघडतो, ते समुद्रफूल. एखाद्या बिळाच्या तोंडाशी फुटक्या शिंपल्यांचा ढीग दिसला तर आत अष्टपाद असण्याची शक्यता आहे; हात घालू नका, लांबून बघा, कधीकधी एक डोळा तुमच्याकडे बघत असतो.

दगड उलटायचा असेल तर हाताएवढाच, हळू, आणि बघून झाल्यावर जसा होता तसाच परत. खालची बाजू वर राहिली तर तिथले जीव उन्हात मरतात. रिकामे शंखही उचलू नका, संन्याशाला घर बदलायचं असतं. प्रवाळ, समुद्रकाकडी, समुद्रघोडा यांना तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही.

कालवं काढणाऱ्या बायका भेटतील, हातात लोखंडी हत्यार आणि कमरेला टोपली. "मावशी, आज पाणी कसं आहे?" असं विचारा आणि त्या सांगतील ते ऐका. भरती कधी फिरते, कुठला दगड हलतो, हे त्यांना ॲपपेक्षा चांगलं माहीत असतं. त्यांच्या जागेत मात्र लुडबुड नको. आपली सहल असते, त्यांचा दिवस असतो.

हात कुठे लावायचा नाही

थोडक्यात सांगतो. सुंदर नक्षीचा, शंकूच्या आकाराचा शंख उचलू नका. आतला जीव विषारी भाला मारतो. खडकावर मऊ बटणांचा गालिचा अंथरल्यासारखे झोअँथिड, समुद्रफुलाच्या नात्यातले जीव, दिसतील, त्यांच्या काही जातींत जहाल विष असतं. हात लागलाच तर डोळे-तोंड यांना लावू नका, धुवा. काटेरी सी-अर्चिनवर पाय पडला तर काटे आतच मोडतात. निळ्या फुग्यासारखं काही वाळूत पडलेलं दिसलं तर ते मेलेलं असलं तरी डसतं. डसलंच तर न चोळता समुद्राच्याच पाण्याने धुवा, बाटलीतलं गोडं पाणी ओतू नका, आणि जीवरक्षकाला गाठा. कालवाने कापलेली जखम साधी समजू नका. साबणाने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा.

पायरी शेवटची: परत फिरणं

कोष्टकातली ओहोटीची वेळ झाली की परत वळा, ती वेळ संपेपर्यंत बसू नका. सुरुवातीला पाणी इतकं सावकाश चढतं की कळत नाही, तिसऱ्या-चौथ्या तासाला सर्वांत जोरात. टेकाडाच्या नाकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या किनाऱ्यावर गेला असाल तर आधी तिथून निघा. मी एकदा अशाच वळशापलीकडे एका चरात रमलो, परतलो तर वाटेवर मांडीभर पाणी आणि मागे जांभ्याचा कडा. कडा चढणं शक्य नव्हतं, जांभा हातात सुटून येतो. लाटांची मधली उसंत धरून, पिशवी डोक्यावर घेऊन बाहेर आलो. तेव्हापासून मोबाईलवर दोन गजर लावतो, एक ओहोटीचा, एक त्यानंतर वीस मिनिटांचा. दुसरा वाजायच्या आत पाय कोरड्या वाळूवर हवेत.

येताना समुद्राकडे पाठ करून चालू नका, आणि हिरव्या दगडावर पाय देण्यापेक्षा बार्नॅकलने भरलेल्या खरखरीत दगडावर द्या. घरी आल्यावर सॅंडल आणि चुंबक गोड्या पाण्याने धुवा, चुंबक तर पुसूनच ठेवा, दोन दिवसांत गंजतं. वहीत तिथी, ओहोटीचा आकडा, खडक कुठला आणि डबक्यात काय दिसलं एवढ्या चार गोष्टी लिहा. मग दिनदर्शिकेचं पान उलटून पुढची द्वितीया कुठल्या वाराला येते ते बघा. रविवारी आली तर बाहेरगावच्या भावंडांना आत्ताच कळवून ठेवा.